काळ्या कोटातले पाहुणे

पावसाळ्यात मांजरांच्या अडॉप्शनचा कुठलाही व्हॉट्सअॅप ग्रुप उघडून बघा. एका खोक्यात चार पिल्लं. एक केशरी, एक पांढरं, एक तीन रंगांचं आणि एक काळं. फोटो पडल्यावर तासाभरात केशरीसाठी तीन मेसेज येतात. पांढरं संध्याकाळपर्यंत ठरतं, तीन रंगांचं दोन दिवसांत. मग ग्रुपवर शांतता. आठवड्याने तोच फोटो लाल बाण काढून परत येतो : 'फक्त हे ब्लॅक राहिलंय. खूप लाडिक आहे. प्लीज.'

हे 'प्लीज' लिहिणारी व्यक्ती म्हणजे फॉस्टर. म्हणजे पिल्लू कायमचं पाळणारी नाही, तर रस्ता आणि कायमचं घर यांच्या मधले सहा ते बारा आठवडे त्याला सांभाळणारी. पुण्या-मुंबईत हे काम करणाऱ्यांत कॉलेजची मुलं भरपूर दिसतात आणि त्यात नवल नाही. आपण रात्री तीनला तसेही जागे असतो, फ्लॅटवर कोणी ना कोणी असतंच आणि कायमचं मांजर पाळायची आपली परिस्थिती नसते. डिग्री संपली की कोण कुठे जाईल, काय सांगावं! त्यापेक्षा दोन महिन्यांची जबाबदारी बरी. आमच्या तीन जणींच्या फ्लॅटवर गेल्या दोन वर्षांत नऊ पिल्लं राहून गेली. त्यातली पाच काळी होती. हे ठरवून झालं नव्हतं. बाकीच्यांना घरं लवकर मिळायची आणि काळी आमच्याकडे उरायची, एवढंच.

उचलण्याआधी जरा थांबा

पार्किंगमध्ये, जिन्याखाली पिल्लं दिसली की पहिला हात ती उचलायला जातो. तो आवरा. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आजी म्हणते, त्यात तथ्य आहे. ती जागा बदलते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. म्हणजे तुम्हाला 'सोडून दिलेलं' वाटणारं पिल्लू कदाचित पुढच्या खेपेची वाट बघत असतं. लांब उभं राहून काही तास लक्ष ठेवा. थांबणं शक्य नसेल तर पिल्लांभोवती कणकेची पातळ रेघ ओढून ठेवा. परत आल्यावर त्यात पंजे उमटलेले दिसले तर आई येऊन गेली आहे. पिल्लू गार पडलं असेल, भिजलं असेल, जखमी असेल, अंगाला मुंग्या लागल्या असतील किंवा कुत्री टपून बसली असतील, तर मात्र वाट बघायची नाही.

डोळे मिटलेलं पिल्लू साधारण आठवड्या-दीड आठवड्याच्या आतलं असतं. त्याला दर दोन-तीन तासांनी दूध लागतं, रात्रीसुद्धा. पहिल्यांदाच फॉस्टर करत असाल तर हे अंगावर घेऊ नका. सबमिशनच्या महिन्यात तर नाहीच नाही. अनुभवी माणसाकडे सोपवा आणि स्वतः चार-पाच आठवड्यांची, तोंडाने खायला लागलेली पिल्लं घ्या. शक्यतो दोन. एकटं पिल्लू तुमच्याच हाताशी कुस्ती खेळतं आणि चावण्याची सवय लावून घेतं. दोघं असली की एकमेकांचे कान चावतात आणि किती जोरात चावलं की दुखतं, हेही एकमेकांना शिकवतात.

अगदी लहान पिल्लू गळ्यात पडलंच, तर चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. गाईचं-म्हशीचं दूध द्यायचं नाही, जुलाब होतात आणि एवढासा जीव जुलाबाने एका दिवसात सुकतो. पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती आणा. पिल्लू गार असेल तर आधी फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ऊब द्या, मग दूध. थंड पिल्लाला दूध पचत नाही. पाजताना ते पोटावर, आईला लुचतं तसं हवं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि पहिले तीन आठवडे त्याला आपलं आपण शी-शू करता येत नाही. दर वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने खालून हलकं पुसावं लागतं. आई हेच जिभेने करते.

किचनचा छोटा वजनकाटा ही फॉस्टरची सगळ्यात कामाची वस्तू. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि दर आठवड्याला जवळपास तितकीच भर पडते. महिन्याचं पिल्लू ४००-४५० ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. रोज एकाच वेळी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन दिवस काटा वर सरकला नाही तर गुगल नको, थेट डॉक्टर.

डॉक्टरकडे तसंही जावं लागणारच. जंताचं औषध ठरावीक अंतराने द्यावं लागतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. यातल्या एका आजाराचं नाव माहीत हवंच : पॅनल्युकोपेनिया. न टोचलेल्या पिल्लांची अख्खी बॅच तो दोन-तीन दिवसांत संपवू शकतो, आणि त्याचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर महिनोन् महिने टिकतो. म्हणून नवं पिल्लू पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, घरात आधीचं मांजर असेल तर नक्कीच. पिल्लाला ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नका, ती मांजरासाठी विष आहे. कुत्र्याचं गोचिडीचं औषधही तसंच. आणि चावा किंवा ओरखडा तुम्हाला बसला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'एवढंसं तर पिल्लू आहे' हा विचार रेबीजच्या बाबतीत चालत नाही.

खाण्याबद्दल एकच. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी हे समीकरण पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, पण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. शाकाहारी अट घालणाऱ्या घरमालकाच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर उकडलेल्या चिकनचा वास लपवायचे प्रयोग करण्यापेक्षा आधीच स्पष्ट बोलून घ्या. आमच्या काकांनी बराच विचार करून सुकं कॅट फूड 'बिस्किट' या सदरात मंजूर केलं.

लाडिक होतं कसं?

लोकांना वाटतं काही पिल्लं मुळातच लाडिक असतात. थोडंफार असतंही तसं. पण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या डोक्यात 'माणूस म्हणजे काय' हे ठरवत असतो. या दिवसांत त्याला रोज हातात घेतलं, वेगवेगळ्या माणसांनी घेतलं, मिक्सर, कुकरची शिट्टी, दाराची बेल हे सगळं कानावरून गेलं, की पुढे ते कशालाच फार बिचकत नाही. या कामाला आपल्या फ्लॅटइतकी चांगली जागा नाही. तीन जणी, त्यांचे मित्र, प्रोजेक्ट पार्टनर, पार्सल देणारा दादा, रात्री बाराला कोणाचा तरी बर्थडे.

पहिल्या दिवशी कपाटामागून फिस्सकन अंगावर येणारं काळं पिल्लू दहाव्या दिवशी तुमच्या मानेवर झोपतं. मधल्या नऊ दिवसांत तुम्ही काय करता? जवळपास काहीच नाही. जमिनीवर बसून नोट्स वाचायच्या, मोठ्याने वाचल्या तर उत्तम. बोटावर चिकनचा कण ठेवून हात लांब करायचा आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. टक लावून बघणं मांजराला दमदाटी वाटते. सावकाश डोळे मिटून उघडायचे. एक दिवस ते तुमच्या मांडीवर चढतं, कणीक मळल्यासारखे पंजे चालवतं आणि एवढ्याशा छातीतून घुर्रघुर्र सुरू होते. आमच्यातल्या एकीने मराठी वाङ्मयाचा अख्खा पेपर असा दोन पिल्लांना वाचून दाखवून पार पाडला. मार्क बरे पडले.

म्हणून ग्रुपवर 'खूप लाडिक आहे' हे वाक्य वाचताना त्यामागे कोणाचे तरी दोन महिने गेलेत, हे ओळखायला शिका.

काळ्याचं वेगळं काय?

तब्येतीच्या बाबतीत फारसं काही नाही. फक्त काळ्या अंगावर पिसवा दिसत नाहीत. केशरी पिल्लावर त्या लगेच नजरेला पडतात, काळ्यावर त्या आरामात लपतात आणि लहान पिल्लाचं इतकं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. युक्ती सोपी आहे. बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि जे काळे कण पडतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजेच पचलेलं रक्त. मग डॉक्टरला विचारून वजनानुसार औषध.

बाकी काळा रंग ही मजेशीर गोष्ट आहे. काळं पिल्लू उन्हात धरलं तर अंगावर पुसट पट्टे दिसतात. पट्ट्यांचा नकाशा आत असतोच, काळा रंग तो झाकून टाकतो. त्यामुळे दोन पट्टेरी मांजरांच्या पोटीही काळं पिल्लू जन्मू शकतं. सतत उन्हात लोळणाऱ्या काळ्या मांजराचा कोट चॉकलेटी छटेवर जातो. आणि मुंबईकरांनो, 'बॉम्बे' नावाची मांजराची एक जात आहे, चकचकीत काळी, तांबूस-सोनेरी डोळ्यांची. तिचा जन्म मात्र अमेरिकेतल्या केंटकीचा. निकी हॉर्नर या बाईंना १९५०च्या दशकात छोट्या ब्लॅक पँथरसारखं दिसणारं मांजर हवं होतं. भारतातला काळा बिबट्या डोक्यात होता, म्हणून नाव ठेवलं बॉम्बे. परदेशात लोक या जातीसाठी पैसे मोजतात आणि आपल्या बिल्डिंगखालचं तसंच दिसणारं पिल्लू 'काळं आहे' म्हणून मागे राहतं.

मांजर आडवं गेलं की दोन पावलं मागे यायचं, आणि ते काळं असेल तर विचारूच नका. हे आपण सगळेच ऐकत आलोय. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी आडवं गेलेलं काळं मांजर शुभ मानतात. जपानमध्ये दुकानात पंजा हलवणारी जी मांजराची मूर्ती असते, तिचं काळं रूप वाईट नजरेपासून राखतं असं समजतात. आपल्याकडेही मुलांची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन मांजरच आहे. पण एवढं शुभ मानूनही ब्रिटनमधल्या 'कॅट्स प्रोटेक्शन' संस्थेला २०११मध्ये २७ ऑक्टोबर हा खास काळ्या मांजरांचा दिवस सुरू करावा लागला, कारण तिथेही त्यांना घर मिळायला जास्त वेळ लागत होता.

म्हणजे सगळा दोष अंधश्रद्धेचा नाही. काही भाग मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आहे. घाईत काढलेल्या फोटोत काळं पिल्लू डांबराच्या गोळ्यासारखं दिसतं, त्यात दोन दिवे लावलेले. फ्लॅश बंद करा. खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या सकाळच्या उजेडात, पिवळ्या किंवा फिकट चादरीवर बसवा. स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर टॅप करून उजेड थोडा वाढवा. आणि फोटोपेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ टाका, ज्यात घुर्रघुर्र ऐकू येते. आमच्या पाचातल्या तिघांची घरं व्हिडिओवरून ठरली.

अंधश्रद्धेचं तोंडावर कोणी कबूल करत नाही. 'आईला चालणार नाही', 'घरी आजी आहे', 'दुसरा कलर नाही का?' असं येतं. माझं मत विचाराल तर अशा माणसाशी वाद घालू नका. समजूत काढून पिल्लू दिलंत, तर त्या घरात पहिल्यांदा कोणी आजारी पडेल, कोणाचा इंटरव्ह्यू फसेल, त्या दिवशी ते पिल्लू परत रस्त्यावर असेल. मनापासून नको असलेल्या घरात ढकलण्यापेक्षा आणखी तीन आठवडे तुमच्या गादीवर बरं.

उलट टोकाची माणसंही असतात, त्यांच्यापासून जास्त जपायचं. काजळची गोष्ट सांगते. ऑगस्टमध्ये आलेल्या चार जणांतली ती शेवटची. ऑक्टोबर उजाडला, तिघं गेले, काजळ तीन महिन्यांची झाली. दिवाळीला आम्ही तिघी घरी जाणार, लातूर, रत्नागिरी आणि नाशिक. घरमालक काकांनी सांगून ठेवलेलं, की दिवाळीच्या सुट्टीत फ्लॅटवर मांजर राहणार नाही. त्यात सबमिशन. अशा वेळी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एक फोन आला. उद्याच नेतो म्हणाला. पैसेही देतो म्हणाला. आम्ही काही मागितलंही नव्हतं. मग त्याने विचारलं, अंगावर एकही पांढरा केस नाही ना?

काजळच्या गळ्यावर तीन-चार पांढरे केस आहेत. ते सांगायच्या आधी आम्ही त्याला घराचा व्हिडिओ मागितला, घरी येऊन बघतो असंही कळवलं. फोन कट झाला, नंतर नंबर लागला नाही. तो माणूस नक्की कशासाठी विचारत होता हे सांगता येणार नाही. पण अमावास्येच्या तोंडावर पूर्ण काळं, लगेच आणि पैसे देऊन, हे तिन्ही एकत्र आलं की पिल्लू द्यायचं नाही, हा आमचा नियम त्या दिवशी झाला. अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६०चा केंद्राचा कायदा आहे. संशय पक्का असेल तर पोलिसांकडे जाता येतं. पण पिल्लू एकदा हातातून गेलं की कायदा नंतर येतो. त्याआधी तुम्ही असता.

त्या रात्री फ्लॅटवर बरीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं होतं, आपण उगाच संशय घेतोय, पाच दिवसांत दुसरं घर कुठून आणणार? दुसरीने शांतपणे बास्केट काढली आणि गाडीने घरी जाणाऱ्या सीनियरला फोन लावला. काजळने दिवाळी नाशिकला काढली. आकाशकंदिलाची झिरमिळी खाल्ली नाही, एवढंच तिच्या बाजूने सांगता येईल. बाकी सगळं ओरबाडलं.

डिसेंबरमध्ये एक निवृत्त काका आले, ते खरं तर आमच्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या फॉस्टरचं केशरी पिल्लू बघायला. ते आधीच ठरून गेलेलं. चहा होईपर्यंत काजळ त्यांच्या हेल्मेटमध्ये जाऊन झोपली. काकांनी अर्धा तास तिला उठवलं नाही, निघायची वेळ झाली तरी. काळ्या पिल्लांचं असंच होतं. फोटोत कोणी निवडत नाही आणि समोर आली की ती स्वतःच माणूस निवडतात. म्हणून जमेल तेव्हा लोकांना भेटायलाच बोलवा.

आवडली तरी लगेच दिली नाही. घर बघितलं, चौथ्या मजल्याच्या खिडक्यांना जाळी बसेपर्यंत थांबलो. मांजर पडतं तेव्हा नेहमी पायावर पडतं, हे खरं नाही आणि चौथ्या मजल्यावरून पायावर पडूनही हाडं मोडतात. घरातल्या सगळ्यांना विचारलं. गावाला गेलात तर कोण बघणार, हेही विचारलं. काही लोकांना हे प्रश्न अपमान वाटतात. वाटू देत.

'तुम्हाला सोडवतं कसं?' हे प्रत्येक जण विचारतो. रडू येतं, सोपं उत्तर. रिक्षात रिकामी बास्केट मांडीवर घेऊन यायला कोणालाच आवडत नाही. पण एक पिल्लू ठेवून घेतलं की पुढच्यासाठी जागा बंद होते, आणि जूनमध्ये फोन वाजणारच असतो.

देताना सोबत तिच्या अंगाखालच्या चादरीचा न धुतलेला तुकडा द्या, ओळखीचा वास लागतो. आठवडाभर पुरेल इतकं तेच खाणं, ट्रेमधली मूठभर वापरलेली वाळू, लसीचं कार्ड. नव्या घरच्यांना सांगा, पहिले तीन-चार दिवस एकाच खोलीत ठेवायचं, पलंगाखाली लपली तर ओढून काढायचं नाही. पहिल्या रात्री 'काही खातच नाहीये' असा मेसेज येतो, तेव्हा धीर द्या. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर मात्र डॉक्टरकडे पाठवा. आणि मोबाइलवर एक रिमाइंडर आजच लावून ठेवा. भाटी चार-पाच महिन्यांचीही गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते. त्याआधी त्या घरी फोन करून नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख घेतली का, एवढं विचारायचं राहिलेलं असतं.